शेडग्यांचा जुळा

कुलदीप शेडगेला नोकरी मिळत नव्हती, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण त्याच्या जुळ्यालाही ती टिकवता येऊ नये, हे मात्र फारच झालं.

"चौथ्या महिन्यात कोलमडतोय," नसीम इनामदार पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या आणि चहाचा कप त्यांनी त्याच्याकडे सरकवला. "तिन्ही कंपन्यांत तेच. पहिले तीन महिने तुमचा जुळा म्हणजे आदर्श कर्मचारी. चौथ्यात साहेबांचं काहीतरी बिनसतं, आणि राजीनामा देऊन मोकळे."

"मी नाही दिला राजीनामा."

"तुम्ही कुठे, जुळ्याने दिला. कंपनी तुमच्या दोघांत फरक करत नाही, हीच तर गोची आहे."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ इनामदारबाईंचं दोन खोल्यांचं केंद्र होतं आणि दारावर साधी पाटी होती, 'रेझ्युमे करून मिळेल'. बाई पूर्वी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. मुलं वर्गात येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी हे दुकान थाटलं आणि तीच मुलं आता इथे रांगा लावत होती. बोलायला फटकळ, पण बाईंच्या खोलीतून चहा न पिता कोणी परत गेलेलं नव्हतं.

हा जुळ्यांचा प्रकार कसा सुरू झाला, ते थोडं सांगायला हवं. मध्यंतरी एक काळ असा आला होता की, कोणीही स्वतःचा रेझ्युमे स्वतः लिहीत नव्हतं. यंत्राला चार गोष्टी सांगायच्या, की ते झकास दोन पानं काढून द्यायचं. झालं असं की, एका जागेसाठी दहा हजार अर्ज आणि दहाच्या दहा हजार माणसं मेहनती, प्रामाणिक, दूरदर्शी आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी! कंपन्यांनी कपाळाला हात लावला. इतकी गुणी माणसं देशात असताना आपलीच कंपनी अशी का चालते, हे कोणालाच कळेना.

मग बंगळुरूच्या काही संशोधकांनी वेगळी वाट शोधली. लाखो लोकांनी आपल्या नोकरीचे पूर्ण तपशील राजीखुशीने देऊ केले होते. कधी लागले, कोणाशी पटलं, कशावरून भांडले, कधी सोडलं, सगळं. त्यावर त्यांनी एक प्रणाली शिकवून तयार केली. आता तुमचा रेझ्युमे तिला दिला, की ती त्यातून एक संभाव्य माणूस उभा करते. असं लिहिणारा, अशा वाटेने आलेला माणूस कसा वागेल, याचा तो चालताबोलता अंदाज. कंपनीचीही तशीच एक हुबेहूब नक्कल असते. या माणसाला त्या नकली कंपनीत नोकरीला लावायचं आणि बारा महिने काम करू द्यायचं. संगणकात बारा महिने निघायला जेवणाच्या सुट्टीइतकाही वेळ लागत नाही. एकदाच नाही, हजार वेळा, आणि दर वेळी नशीब थोडं बदलून. कधी यंत्र बिघडतं, कधी सहकारी आजारी पडतो, कधी साहेब घरून भांडून येतो. हजारांतून किती वेळा माणूस टिकला, ते मोजायचं. उद्या पाऊस पडेल का, हे हवामानखातं जसं सांगतं, तसंच हे. उद्या माणूस टिकेल का, एवढंच.

शास्त्रज्ञांनी त्याला भलंमोठं नाव दिलं होतं. लोकांनी मात्र पहिल्या आठवड्यातच त्याचं 'जुळा' करून टाकलं.

"शेडगे, रेझ्युमे म्हणजे आता तुमचं वर्णन नाही, तुमचं बियाणं आहे," इनामदारबाई म्हणाल्या. "जे पेराल तेच उगवेल. विशेषणांना यंत्र हिंग लावून विचारत नाही. ती मी पहिल्याच दिवशी काढली. उंची, रास आणि मामाचं गाव लिहिलं होतंत, तेही काढलं."

"ते आमच्या मामींनी सांगितलं होतं," कुलदीप ओशाळून म्हणाला. मामी म्हणजे त्याच्या सासूबाई, इंदुमती जगदाळे. त्यांच्याकडे सासूला मामीच म्हणत. बायोडेटा म्हटलं की लग्नाचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"असू दे. पण ही सहा वर्षं." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "'शीतगृहांसाठी स्वतंत्र सल्लागार'. त्याआधी कोल्ड स्टोरेजमध्ये चौदा वर्षांची पक्की नोकरी आणि नंतर एकदम सल्लागार. कोणाला सल्ला दिलात?"

कुलदीप चहा ढवळत बसला. चहात साखर आधीच विरघळलेली होती.

"हे बघा, मी काही पोलीस नाही. पण यंत्राने आजवर हजारो स्वतंत्र सल्लागार पाहिलेत. अशी माणसं परत नोकरीत आली, की तीन महिने उत्साहाने काम करतात. मग वरच्याचं ऐकून घ्यायची सवय राहिलेली नसते. खटके उडतात आणि ती जातात. तुमचा जुळा नेमका तेच करतोय. म्हणून विचारते, ही सहा वर्षं तुमची आहेत, की दुसऱ्या कोणाची?"

कुलदीपने चमचा बशीत ठेवला.

"सासूबाईंना अर्धांगवायू झाला," तो म्हणाला. "उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेजस्विनी त्यांची एकुलती एक. तिची नोकरी चांगली होती, आमच्या शीतगृहाचं तर तेव्हा काही खरं नव्हतं. कोणीतरी घरी राहायला हवं होतं. मी राहिलो."

"म्हणजे तुम्ही त्यांचं करायचात?"

"सगळं."

इनामदारबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग हे सल्लागार कुठून आलं?"

ते आलं होतं मामींकडून. पहिल्या वर्षी त्यांना शब्द सापडत नव्हते. पाणी म्हणायचं तर 'पाट' म्हणायच्या आणि चिडून रडायच्या. कुलदीप रोज समोर भाज्या मांडून एकेक नाव त्यांच्याकडून घोकून घ्यायचा. वांगं आलं, दोडका आला, हळूहळू वाक्यं आली. आणि एका दुपारी शेजारच्या बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, जावई दिवसभर घरात कसे? तेव्हा मामींनी आजारानंतरचं पहिलं लांबलचक, न अडखळता वाक्य उच्चारलं, "जावयबापू घरनं कन्सल्टिंग करत्यात." तो शब्द त्यांनी टीव्हीवर ऐकला असणार. कुलदीपला त्या दिवशी हसू आलं आणि अभिमानही वाटला. पुढे गल्लीभर तेच झालं. त्याचा थोरला भाऊ वाईहून फोनवर 'कन्सल्टिंग जोरात ना?' विचारू लागला. खरं सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं आणि कुलदीप हो म्हणत गेला. घरी बसून सासूचं करतो, हे चारचौघांत सांगायची त्यालाही थोडी लाज वाटतच होती. खोटं कशाला बोला.

"खरं लिहा," इनामदारबाई म्हणाल्या. "सेवाशुश्रूषा आता कायद्याने अनुभव धरतात. फक्त साक्षांकन लागतं. ज्यांची सेवा केली त्यांनी स्वतःच्या तोंडाने अधिकाऱ्याला सांगायचं, काय काय केलं ते. नाहीतर जो तो उठून आईची सेवा केली म्हणून लिहील."

कुलदीप हसला. "बाई, तुम्ही आमच्या मामींना ओळखत नाही."

---

जगदाळ्यांच्या घरात जावयाने कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात मामींनी कुलदीपचे पाय दुधाने धुतले होते आणि त्याला चांदीच्या ताटातून अनारसे दिले होते. तो त्यांच्यापेक्षा वयाने लहान, पण त्यांनी कधी त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नाही. ज्या हातांना वाण द्यायचं, त्या हातांनी पुढे त्यांना अंघोळ घातली, त्यांचे लंगोट बदलले. मामी या गोष्टीबद्दल एकही अक्षर बोलल्या नव्हत्या. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागल्या, त्याच दिवसापासून त्या डाव्या हाताने पहिली भाकरी त्याच्या ताटात वाढू लागल्या. मधली वर्षं जणू झालीच नाहीत.

आणि आता गरज होती. तेजस्विनीची कंपनी दिवाळीनंतर गाशा गुंडाळणार, हे नक्की झालं होतं. शिरवळजवळ औषधांचं एक मोठं शीतगृह उभं राहत होतं आणि तिथे पाळीप्रमुखाची जागा होती. कुलदीपला ते काम झोपेतही जमलं असतं. त्रेचाळिसाव्या वर्षी एवढी अंगाला बसणारी जागा पुन्हा येणार नव्हती.

"आई," रात्रीच्या जेवणानंतर तेजस्विनी म्हणाली, "ह्यांच्या नोकरीसाठी तुला थोडं बोलायचंय. फोनवरच. तुझ्या आजारपणात ह्यांनी काय काय केलं, ते एका साहेबांना सांगायचं." दोघंच असली की ती त्याला कुलदीप म्हणे. आईसमोर मात्र 'हे' आणि 'अहो'.

मामी लसूण सोलत होत्या. "सांगते की. त्यात काय."

इतक्या सहज त्या हो म्हणाल्या, की कुलदीपला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माणूस गरजेत असला की शुभ तेवढंच ऐकतो.

साक्षांकन सकाळी झालं. नियम असा की, अर्जदाराने त्या खोलीत थांबायचं नाही. मामी इस्त्रीची साडी नेसून पडद्यासमोर बसल्या. कुलदीप स्वयंपाकघरात कणीक मळत होता. दार लोटलेलं होतं, पण ते कधीच पूर्ण लागत नसे.

"इंदुमती जगदाळे ना? मी साक्षांकन अधिकारी ओव्हाळ," पडद्यावरचा आवाज अदबीने म्हणाला. "आजी, आजारपणात तुम्हाला अंघोळ कोण घालायचं?"



"बाई हुती कामाला," मामी म्हणाल्या.

कुलदीपचे हात परातीत थांबले.

"आणि बाकीचं? कपडे बदलणं, स्वच्छता?"

"तीच करायची. दोन येळा यायची. लई चांगली हुती बिचारी."

"कुलदीप शेडगे यांनी त्यातलं काही केलं का?"

"ते कशाला करतील? जावई हायेत ते आमचं! त्यांचं कन्सल्टिंग हुतं. दिसभर काम असायचं त्यास्नी. मी आजारी, तरी त्यांना मी कशाला हात लावू दिला न्हाई."

आवाज ठाम होता. आजारपणानंतर इतक्या ठामपणे त्या क्वचितच बोलल्या असतील.

दुपारी निकाल आला. 'दावा असत्य. अर्जदारावर एक वर्षाची भरतीबंदी.' म्हणजे जुळा लावणाऱ्या कोणत्याही कंपनीत वर्षभर अर्ज करता येणार नव्हता, आणि जुळा न लावणारी कंपनी आता शोधूनही सापडत नव्हती. खाली बारीक अक्षरात होतं, 'साक्षीदाराला जबाब बदलायचा असल्यास सुनावणीला प्रत्यक्ष हजर राहावे.'

तेजस्विनी कामावरून आली आणि पर्स खांद्यावरून न उतरवताच तडक आईपुढे उभी राहिली.

"आई, तू काय केलंस हे? ह्यांना खोटं पाडलंस!"

"मी कुठं खोटं पाडलं? त्यांची लाज राखली. जावयानं सासूचं हागणं-मुतणं काढलं, आसं सरकारात लिवून ठिवू? उद्या त्यांच्या घरच्यांनी वाचलं म्हंजी? काय म्हणतील, घरजावई करून घाण उपसायला लावली?"

"अगं पण त्यांनी काढलं ना!"

"काढलं म्हणून काय गावभर बोंबलायचं?"

"तेजू, राहू दे," कुलदीप म्हणाला.

तो भिंतीला टेकून उभा होता. शांत राहायचं त्याने दुपारपासून ठरवलं होतं. आयुष्यात मामींसमोर त्याने आवाज चढवला नव्हता. पण तोंड उघडलं आणि ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं.

"मामी, मग मी कुठे होतो?"

मामींनी वर पाहिलं.

"सहा वर्षं मी कुठे होतो, ते सांगा. कन्सल्टिंग तर मी केलंच नाही. तुमचंही केलं नाही म्हणता. मग काय केलं मी? झोपलो होतो? मेलो होतो? नोकरी गेली तर गेली, तिचं नाही एवढं. पण जे केलं ते केलंच नाही म्हणता? मला लाज वाटायची, मान्य आहे. लोकांना सांगायची लाज वाटायची. तुमचं करायची कधीच वाटली नाही."

तो चपला घालून बाहेर गेला आणि अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने उगाच चालत राहिला. परतला तेव्हा मामी आपल्या खोलीत होत्या आणि दार बंद होतं. जेवायला त्या आल्या नाहीत. तेजस्विनी ताट घेऊन गेली, तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा ठेवायला उठला, तर मामी दारातल्या खुर्चीवर तयार होऊन बसलेल्या. कपाटातली इरकल नेसलेल्या. एका हाताने नेसली होती, त्यामुळे निऱ्या सगळ्या एका बाजूला गेलेल्या.

"रिक्षा बोलवा," त्या म्हणाल्या.

"कुठे जायचंय?"

"त्या ओव्हाळसायबाकडं."

---

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, एक पंखा आणि बोलणं टिपून घेणारं एक करडं यंत्र. ओव्हाळ पडद्यावर दिसायचा त्याहून तरुण निघाला. कुलदीपला पाहून तो म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा. साक्षीदारावर दडपण नको."

"बसू द्या त्यास्नी," मामी म्हणाल्या. "दडपण काल हुतं. आज न्हाई."

ओव्हाळने जरा विचार केला आणि मान हलवली. तेजस्विनीने आईचा वॉकर भिंतीला लावला.

"आजी, खोट्या जबाबाबद्दल तुम्हाला समज देऊन सोडता येईल. पण आज जे सांगाल ते पूर्ण आणि खरं हवं. चांगलं तेवढंच सांगायचं, असंही नाही. आम्हाला माणूस कळायला हवा."

"समदं सांगते," मामी म्हणाल्या. "बाई-बिई कुणी न्हवती. समदं ह्यांनीच केलं."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. अधूनमधून शब्द हरवत होते. मग त्या डोळे मिटून तो शोधत आणि सापडला की पुढे जात. मानेपासून पायापर्यंत रोज पुसून घ्यायचे. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रीतून उठून कूस बदलून द्यायचे. अंघोळ घालताना डोळे बाजूला वळवायचे, त्यामुळे पाणी भलतीकडेच पडायचं. हे सांगताना त्या थोड्या हसल्या. पहिल्यांदा लंगोट बदलला, तेव्हा मामींनी दोन दिवस अन्न तोंडात घेतलं नाही. पोटात काही गेलंच नाही तर पुन्हा ती वेळच येणार नाही, असा त्यांचा हिशेब. तर ह्यांनी समोर बसून स्वतःही जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी मामी हरल्या आणि पेज प्यायल्या.

"मी त्यांना चावलेय," त्या म्हणाल्या. "हितं, मनगटाला. ताट फेकून मारलंय. बोलता यीना तर आन् काय करणार? तरी सकाळी परत दोडका घिऊन पुढ्यात. म्हणा मामी, दोडका." त्यांनी पदराने ओठ पुसले. "मला दोडक्याचा आजबी राग हाय."

ओव्हाळ हसला. तेजस्विनी हसली आणि लगेच तिने तोंड फिरवलं.

"आता न सांगायचंबी सांगते. तुमीच म्हणला, पूर्ण पायजे."

कुलदीपने मान वर केली.

"तिसरं साल हुतं. हगवण लागली हुती मला. एका दिसात चार येळा चादर बदलली त्यांनी. पाचव्या येळी बदलून झाली अन् ते स्वयंपाकघरात गेले. भांडं आदळलं. अन् म्हणाले, सुटत का न्हाई ही एकदाची. मरत का न्हाई."

कुलदीपला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तो दिवस त्याला आठवत होता. त्या वाक्यासाठी त्याने स्वतःला किती वेळा कोसलं होतं, ते त्याचं त्यालाच माहीत. पण ते कोणीतरी ऐकलं होतं, हे त्याला आज कळत होतं.

"त्यास्नी वाटलं मी झोपलेय," मामी ओव्हाळकडेच बघत म्हणाल्या. "मी ऐकलं. मंग जरा येळ गेला. नळ वाजला. आन् ते पेज घिऊन आले. निवलेली हाय का, म्हणून बोट बुडवून बघितलं, जसं रोज बघायचे तसं. मला भरवली. डोळं लाल हुतं. पण पेज निवलेली हुती." त्या थांबल्या. "हे लिवा सायेब. दोन्ही लिवा. नुसतं पयलं लिवू नका."

ओव्हाळने करडं यंत्र आपल्याजवळ ओढून विचारलं, "सही करायला जमेल? नाहीतर अंगठा चालेल."

"सही करते की," मामी म्हणाल्या. "डाव्या हातानं. शिकिवलीय मला."

---

भरतीबंदी उठली. इनामदारबाईंनी नवा रेझ्युमे लिहिला तो जेमतेम एक पान भरला. सल्लागार गेला. त्याच्या जागी साधी क्रियापदं आली. उचललं, धुतलं, बोलायला शिकवलं, वैतागला, परत आला. शेवटची दोन काढा म्हणून कुलदीपने फार गयावया केली.

"कोणता मालक असं वाचून नोकरी देईल?"

"मालक कुठे वाचतोय?" बाई म्हणाल्या. "यंत्राला सद्गुणी माणूस उभा करायला सांगितलं, की त्याची पंचाईत होते. सद्गुणी माणूस वैतागला की काय करतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मग ते आपल्या मनाने काहीतरी ठरवतं आणि बहुतेक वेळा राजीनामाच ठरवतं. तुमच्या सासूबाईंनी त्याला ते सांगितलंय. आणि साक्षांकित आहे म्हटल्यावर यंत्राला ते धरावंच लागतं. गप्प बसा आता."

जुळा कसा वागला, हे बघण्याचा अर्जदाराला हक्क असतो. बाईंनी चौथा महिना लावला. पडद्यावर शिरवळचं शीतगृह होतं आणि त्यात कुलदीपसारख्या चणीचा, चेहऱ्याचे तपशील नसलेला एक माणूस. कॉम्प्रेसर बंद पडला होता. लशींचे खोके तापायला लागले होते, साहेब सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडत होता आणि चूक दुसऱ्याचीच होती. आधीच्या तिन्ही जुळ्यांनी अशाच वेळी टोपी काढून ठेवून राजीनामा दिला होता.

हा जुळा बाहेर गेला. पायरीवर बसला. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला, जे नक्कीच साहेबासाठी चांगलं नव्हतं. कुलदीप पुढे वाकून बघत होता. मग जुळा उठला, नळाखाली तोंड धुतलं, आत आला आणि पाना उचलून कॉम्प्रेसरपाशी गेला. दुसऱ्या फेरीत तेच, तिसऱ्या फेरीत तेच. काही फेऱ्यांत तो गेलाही, नाही असं नाही. पण बहुतेकांत परत आला.

"हा मीच आहे," कुलदीप पुटपुटला. स्वतःला असं बाहेरून ओळखताना त्याला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

पत्र आठवडाभरात आलं. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं. तेजस्विनीने पेढे आणले, गल्लीत वाटले, आणि शेजारणीने विचारलं, कन्सल्टिंग सोडलं का? तेव्हा तिने जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खरं काय ते सांगून टाकलं. वाईच्या थोरल्या भावाचा संध्याकाळी फोन आला. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलला. मध्येच वडिलांच्या आजारपणावर आला आणि म्हणाला, "आप्पांच्या वेळी मला जमलं नव्हतं रे."

घर आनंदात होतं, फक्त कुलदीप सोडून. सुनावणीपासून तो मामींच्या नजरेला नजर देत नव्हता. त्यांच्या खोलीत जायचा, औषध ठेवायचा, पाणी ठेवायचा आणि निघायचा. मामीही काही बोलत नव्हत्या. जगदाळ्यांच्या घरात नको त्या गोष्टींवर न बोलण्याची परंपराच होती.

सोमवारी सकाळी तेजस्विनी लवकर गेली. कुलदीप कंपनीच्या गाडीची वाट बघत दारात बूट घालत होता. मामी वॉकर टेकत आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"डबा घेतला?"

"घेतला."

"दुपारची गोळी मी घीन माझी. घड्याळ लावलंय."

"हो."

त्याने एक बूट घातला, दुसरा हातात धरला, आणि मग त्याला राहवेना.

"मामी, तुम्ही ऐकलं होतंत. मग इतकी वर्षं मला एका शब्दाने बोलला का नाहीत? मला वाटायचं कोणालाच माहीत नाही. रोज तुमच्यासमोर बसून मी... तुम्हाला काय वाटलं असेल त्या दिवशी?"

मामी थोडा वेळ शब्द शोधत राहिल्या. या वेळी ते आजारामुळे नव्हतं.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या.

कुलदीपला वाटलं, त्या टोमणा मारतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता.

"त्या दिसापातूर मला लई भ्या वाटायचं. वाटायचं, पाव्हणा हाय. उपकार करतोय. एक दिस हात जोडून, गोड बोलून निघून जाईल. पाव्हण्याला कोण आडवणार? म्हणून तहान लागली तरी हाक मारत न्हवते मी. वल्लं झालं तरी पडून ऱ्हायचे. म्हणायचे, जितकी कमी हाक मारीन तितकं जास्त दिस ऱ्हातील. अन् त्या दिवशी तुमी तसं बोलला. पाव्हणा असं कवा बोलंल का? पोटचं पोरच असं वैतागतं. तवा म्हणलं, इंदे, हे आता जात न्हाईत." त्यांनी डाव्या हाताने गुडघ्यावरचा पदर सारखा केला. "तवापासनं तर मी तुमाला हाका मारायला लागले. आठवतंय का बघा."

कुलदीपला आठवलं. तिसऱ्या वर्षानंतर त्या रात्री-अपरात्री, उठसूट हाका मारू लागल्या होत्या आणि तो मनातल्या मनात म्हणायचा, मामींचा आजार वाढला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. कुलदीप बूट हातात धरून तसाच बसून राहिला. तो रडतोय हे मामींना दिसलं आणि त्यांनी त्याला रडू दिलं.